टॉपवॉटरवर बास येत नाही? स्प्रिंगमध्ये आधी पाणी तपासा, मग ल्यूर

एप्रिल लागला की मासेमारीचं वेड असलेल्या सेंट्रल न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते. ऊन छान पडलंय, फोरसिथिया फुलून गेला, तळ्यावर माणसं दिसायला लागली, म्हणून हौसेनं पॉपर बांधला (हा टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचा ल्यूर, अर्थात नकली आमिष), तासभर डुबुक-डुबुक केलं आणि एका बास माशानं ढुंकूनही पाहिलं नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचा ल्यूर घेऊ, आणि रंग कुठला?

ल्यूरचा डबा जरा बाजूला ठेवा. या दिवसांतल्या या तक्रारीत दोष ल्यूरचा क्वचितच असतो. एक तर पाणी अजून तयार नसतं, नाहीतर पाणी तयार असतं पण आपण भलत्या वेळी काठावर उभे असतो. हे दोन्ही तपासून झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका. ५० अंश फॅरनहाइटच्या पाण्यात नवा कोरा ल्यूरही जुन्याइतकाच निरुपयोगी.

मी लिहितोय ते लार्जमाउथ बासबद्दल, आणि डोळ्यांसमोर आहेत ती मर्सर लेक, फॅरिंग्टन लेक, असनपिंक अशी प्लेन्सबरो-एडिसनवाल्यांना जवळची पाणी. हॉपॅटकाँगसारखा मोठा तलाव यांच्या आठवडा-दोन आठवडे मागे असतो. राउंड व्हॅली तर १८० फुटांपर्यंत खोल आहे, तिथे एप्रिलमध्ये टॉपवॉटर डब्यातच राहू द्यावा. उलट सोसायटीतलं छोटं तळं सगळ्यांच्या आधी तापतं.

आकडा ६० चा, पण मोजला कधी?

६० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअस, हा टॉपवॉटरचा आकडा इथला कुठलाही जुना जाणकार सांगेल. आकडा बरोबरच आहे. घोटाळा होतो मोजण्यात. एप्रिलच्या उन्हात दुपारी तीनला काठालगतच्या पाण्याचा वरचा थर सहज ६३-६४ दाखवतो. त्याच जागी दोन-तीन फूट खाली गारठा तसाच असतो, आणि रात्री हवा चाळिशीच्या खाली गेली की वरच्या थराची कमाईही सकाळपर्यंत निघून जाते. बास राहतो त्या खालच्या पाण्यात. दुपारच्या तासाभराच्या उबेवर तो आपलं वागणं बदलत नाही.

म्हणून सकाळी मोजा. सातच्या सुमाराला, दोन-तीन फूट खोलीवर. तिथे ५८ च्या वरचं रीडिंग मिळालं आणि ते सलग तीन-चार दिवस टिकलं, की माझ्या हिशेबानं सीझन उघडला. हा ठोकताळा आहे, कुणी तो शिलालेख समजू नये. पण दुपारच्या एका ६५ पेक्षा सकाळच्या चार ५८ वर मी जास्त भरवसा ठेवतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. स्विमिंग पूलसाठी मिळतो तो स्वस्तातला थर्मामीटर घ्या. त्याच्या तळाशी छोटी वाटी असलेला मिळाला तर उत्तम. हे थर्मामीटर तरंगायलाच बनवलेले असतात, त्यामुळे खाली एक-दोन औंसांचं शिसं बांधावं लागतं, नाहीतर तो पृष्ठभागावर डुलत बसतो आणि आपण पुन्हा वरच्याच थराचा आकडा वाचतो. दोरीला तीन फुटांवर एक गाठ मारून ठेवा. डॉकवरून सोडायचा, गाठ पाण्याला टेकली की थांबायचं, दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं, मग वर ओढून वाटीतलं पाणी सांडायच्या आत आकडा वाचायचा. तवा तापला का ते बघायची इन्फ्रारेड गन काहीजण तळ्यावर घेऊन येतात. ती फक्त पाण्याच्या कातडीचं तापमान सांगते, खाली काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. बोटीवरच्या फिशफाइंडरचंही बरचसं तसंच, त्याचा सेन्सर पृष्ठभागाजवळच असतो.

आकड्याचा एवढा आग्रह का, तर बास थंड रक्ताचा. पाणी गार असलं की त्याचं पचन मंदावतं आणि हालचालही. खालून वर झेपावून काहीतरी पकडायचं म्हणजे खर्च, आणि थंड पाण्यात तो खर्च त्याला परवडत नाही. तळाशी समोरून हळू सरकणारा जिग (वजनदार डोक्याचा हुक) तो उचलेल, पण डोक्यावर डुबुक वाजलं म्हणून वर येणार नाही. गावाकडे मरळ पकडलेल्यांची इथे हमखास फसगत होते. मरळीला हवा घ्यायला पृष्ठभागावर यावंच लागतं, तिचं अर्ध लक्ष कायम वर असतं, त्यामुळे तिच्यापुढून बेडूक सरकवला की काम होतं. बासला अशी काही गरज नाही. त्याला वर आणायचं तर त्याची स्वतःची इच्छा असावी लागते, आणि ती इच्छा पाण्याच्या उबेतून येते.

५५ ते ६० हा मधला पट्टा मात्र अगदीच वाया घालवू नका. या पाण्यात अर्धा टॉपवॉटर चालतो: तरंगणारा बारीक मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा ल्यूर. रापालाचा साधा ओरिजिनल फ्लोटर घ्या. लाउरी रापालानं १९३६ साली फिनलंडमध्ये बुचाचं लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळून जो ल्यूर केला, त्याचाच हा वंशज. आता तो बाल्सा लाकडाचा असतो. टाकायचा आणि पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हात लावायचा नाही. मग रॉडच्या टोकानं एकच हलका झटका द्यायचा. तो वीतभर बुडतो आणि डुलत वर येतो. वर येऊन थांबल्यावर, आपण कंटाळून दुसरीकडे बघायला लागलो की, तो नाहीसा होतो. आवाज नाही, उसळी नाही, जिथे ल्यूर होता तिथे एक छोटा खळगा. ज्यांना टॉपवॉटर म्हणजे पाण्याचा स्फोटच हवा असतो त्यांना हे मिळमिळीत वाटतं. वाटू दे.

पहाटेची सवय मोडा

ही सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट. आपण टॉपवॉटर शिकतो उन्हाळ्यात. जुलैत पहाटे पाचला जायचं, सूर्य डोक्यावर यायच्या आत आटपायचं, नाहीतर संध्याकाळी उशिरा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तोच गडी एप्रिलमध्ये साडेपाचचा अलार्म लावून, कानटोपी घालून, थर्मासमध्ये चहा भरून तळ्यावर हजर. त्या क्षणी पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं. नऊला तो हात चोळत घरी जातो, आणि खरी वेळ तिथून पाच-सहा तासांनी सुरू होणार असते.

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत टॉपवॉटरचा वेळ म्हणजे दुपारी दोन ते सूर्यास्त. ऊन पडलेलं असलं तरी चालेल, किंबहुना असावंच. त्यातही सलग तिसऱ्या-चौथ्या उबदार दिवसाची दुपार सोडू नका, कारण तोवर ऊब खालपर्यंत मुरलेली असते. ढगाळ, दमट, दक्षिणेकडून वारं आणणारी संध्याकाळ मिळाली आणि आदल्या रात्री पारा पन्नाशीच्या वरच राहिलेला असला, तर ऑफिसातून लवकर निघायला ते पुरेसं कारण आहे. नोकरीवाल्यांना हा सीझन खरं तर सोयीचा. मार्चमध्येच घड्याळ तासभर पुढे गेलेलं असतं, एप्रिलअखेर साडेसात-पावणेआठपर्यंत उजेड असतो, कामावरून थेट तळ्यावर जाता येतं.

दुपारची ही मक्तेदारी संपते कधी, तर सकाळचं रीडिंगच ६५ च्या आसपास यायला लागलं की. तिथून सकाळ-संध्याकाळ दोन्ही चालतात, आणि पाणी सत्तरीच्या मध्यावर गेलं की जुलैचं वेळापत्रक परत लागू.

काठ कुठला?

एकाच तळ्यात एकाच दुपारी दोन काठांमध्ये चार-पाच अंशांचा फरक असू शकतो, त्यामुळे जागा निवडणं म्हणजे अर्धं तापमान निवडणं. सूर्य दक्षिणेकडून येतो, म्हणून उत्तरेकडचा काठ दिवसभर उन्हात असतो, दक्षिणेकडचा आपल्याच झाडांच्या सावलीत. शिवाय इथले स्प्रिंगमधले गार वारे बहुतेक वायव्येकडून येतात, त्यांनाही उत्तर-वायव्येच्या कोपऱ्याकडचं पाणी आडोशाला राहतं. काळ्या चिखलाचा उथळ तळ ऊन शोषतो. दगडी बांध आणि काँक्रीटचे डॉकही तापतात. ओढ्याचं ताजं गार पाणी येतं त्या तोंडाशी मात्र एप्रिलमध्ये वेळ घालवू नका.

मे उजाडला की ओकचा पिवळा पराग सगळ्या जर्सीवर बरसतो. नाकं वाहतात, गाड्या पिवळ्या होतात आणि पाण्यावर साय धरते. शिव्या द्या, पण बघूनही ठेवा: ती साय ज्या कोपऱ्यात गोळा झालेली असते, तिकडे वाऱ्यानं वरचं पाणीही लोटलेलं असतं. दोन दिवस उबदार वारा एकाच दिशेनं वाहत असेल तर तो कोपरा तळ्यातला सगळ्यात उबदार निघण्याची शक्यता मोठी. दर चार-पाच कास्टनंतर दोरा चिमटीतून पुसून घ्यावा लागतो, एवढाच त्रास.

फसव्या खुणा

निसर्गाकडे बघून अंदाज बांधणं चांगलं, पण इथल्या काही खुणा चकवतात. संध्याकाळी डबक्यांतून चिमुकल्या बेडकांचा, म्हणजे स्प्रिंग पीपर्सचा, किणकिणाट सुरू झाला की लोक फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा ल्यूर) बांधतात. हे बेडूक मार्चमध्येच ओरडायला लागतात, पाणी तेव्हा बर्फातून नुकतंच सुटलेलं असतं. फ्रॉगसाठी वाट बघायची ती बुलफ्रॉगच्या घोगऱ्या, ढोलासारख्या हाकेची. ती मेच्या उत्तरार्धात येते, आणि तोपर्यंत पाण्यावर गवताचे, कमळाच्या पानांचे पट्टेही तयार झालेले असतात. गवतच नाही तिथे फ्रॉगचं काय काम?

लाकडावर ओळीनं ऊन खात बसलेली कासवं पाहूनही हुरळू नका. गार पाण्यातून वर येऊन ती तापायलाच बसलेली असतात. पुढे मे-जूनमध्ये उथळात धबाधब पाणी उडतं, शेपट्या दिसतात, ते बहुतेकदा कार्प. विणीच्या धुंदीत असतात, तुमच्या पॉपरशी त्यांना देणंघेणं नाही.

सगळ्यात लबाड खूण म्हणजे चेन पिकरेल, हा लांबट, धारदार दातांचा मासा. आपल्या भागातल्या बऱ्याच तळ्यांत तो आहे आणि गार पाण्यातही त्याचा जोर कमी नसतो. एप्रिलच्या सुरुवातीला टॉपवॉटरवर सपकन झडप बसते, ल्यूर हवेत उडतो, मासा काही लागत नाही, आणि आपण समजतो बास वर यायला लागला. मग पुढचे चार शनिवार त्या एका झडपेच्या आशेवर जातात. ल्यूर हातात घेऊन उन्हात तिरपा धरून बघा. रंगावर बारीक समांतर ओरखडे असतील, लीडर (ल्यूरलगतचा दोऱ्याचा तुकडा) गाठीजवळ खरवडलेला असेल, तर तो पिकरेल होता. बासच्या तोंडात दात म्हणजे खरखरीत पॉलिश पेपर, तो ओरखडे काढत नाही. पिकरेल आडवा, लांबून पाण्यात रेघ ओढत येतो. बास बहुतेकदा खालून येतो.

डॉगवुडचं झाड मात्र मी मानतो. त्याची पांढरी फुलं आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला उघडतात, आणि बास उथळात येण्याची वेळ साधारण तीच. इथल्या जुन्या लोकांचं हे पंचांग थर्मामीटरशी बऱ्यापैकी जुळतं.

अंदाजच येत नसेल तर पाण्याच्या आतून चाचणी घ्या. पृष्ठभागाखाली फूटभर चालणारं काहीतरी आधी टाका: हलका स्पिनरबेट, उथळ क्रँकबेट किंवा वजन न लावलेला सॉफ्ट प्लॅस्टिक. त्याच्यामागे बास धावून येत असेल, वरच्या दोन फुटांत झडप घालत असेल, तर टॉपवॉटर बांधायला हरकत नाही. मासे फक्त तळाशी आणि फक्त संथ चालीला लागत असतील तर आज नको. अर्ध्या तासात निकाल लागतो.

काल चालू होतं, आज बंद

आदल्या संध्याकाळी तीन बास वर आले, म्हणून दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन गेलात आणि तळं मेल्यासारखं. मध्ये काय झालं ते बघा: रात्री पाऊस पडून गेला, वारा वायव्येकडे फिरला, सकाळी आकाश निळंशार आणि हवा कोरडी. हा कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचा लोट. पाण्याचं तापमान दोन-तीन अंशच उतरलेलं असतं, पण चढतं पाणी आणि उतरतं पाणी यांत बासचं वागणं फार वेगळं. ५९ वर चढत असलेलं पाणी ६३ वरून ६० वर घसरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं.

अशा दिवशी टॉपवॉटरचा हट्ट धरू नये. एक-दोन पायऱ्या खाली उतरा: संथ वर्म (मऊ प्लॅस्टिकचा किडा), जिग, किंवा मधल्या पाण्यात थांबणारा जर्कबेट. साधारण दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. मित्र आलेलेच असतील आणि काहीतरी वर टाकायचंच असेल, तर दुपार उलटून गेल्यावर आडोशाच्या कोपऱ्यात तो तरंगता मिनो, आणि थांबायचा वेळ दुप्पट.

थांबण्याबद्दल इथेच सांगून टाकतो. साठ-बासष्ट अंशांच्या पाण्यात पॉपर फार घाईनं चालवला जातो. टाकल्यावर वर्तुळं पूर्ण विरू द्या. एक डुबुक, मग पुन्हा वर्तुळं विरेपर्यंत शांतता. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला लागलं तरी मोजा. पाणी ६८-७० झालं की हीच चाल कंटाळवाणी होते, तेव्हा वेग वाढवा, वॉकिंग बेट डावी-उजवीकडे नाचवा, बझबेट (फिरत्या पात्यानं आवाज करणारा ल्यूर) सरळ ओढा. पाण्याला तरंग असेल तर पॉपरचा आवाज हरवतो, तिथे बझबेट बरा. गढूळ पाण्यातही तोच.

झडप घालतो, पण लागत नाही

ही दुसरी मोठी तक्रार, आणि इथे मात्र सामान तपासायला हवं.

आधी दोरा. फ्लुरोकार्बनच्या दोऱ्याची घनता पाण्याच्या पावणेदोनपटीहून जास्त, जवळपास १.७८. तो बुडतो, आणि बुडताना हलक्या पॉपरचं नाक खाली ओढतो. मग पॉपर डुबुक करायच्या ऐवजी नाक खुपसून ओढला जातो आणि बासच्या तोंडात सरळ जात नाही. स्प्रिंगमध्ये जिग-वर्मसाठी रीलवर फ्लुरो भरलेला असतो, त्यालाच टॉपवॉटर बांधला जातो, म्हणून ही अडचण याच दिवसांत जास्त दिसते. साधा नायलॉन मोनो, १२ ते १५ पौंडी, टॉपवॉटरला आजही सगळ्यात चांगला. तो पाण्याहून किंचित जड असला तरी फार हळू बुडतो. ब्रेड (विणलेला दोरा) तरंगतो, पण लुळा असल्यानं पुढच्या ट्रेबल हुकमध्ये (तीन टोकांच्या हुकमध्ये) अडकत राहतो. ब्रेड वापरणार असाल तर पुढे दोन फूट मोनोचा लीडर जोडा. थेट ब्रेड हवा तो फक्त गवतात, फ्रॉगला.

मग हुक. हिवाळाभर डब्यात पडलेल्या ल्यूरचे हुक गंजलेले किंवा बोथट झालेले असतात. टोक अंगठ्याच्या नखावर हलकंच टेकवून ओढा: रुतलं तर ठीक, घसरलं तर हुक बदला. पूर्ण संच बदलायला पाच-सात मिनिटं आणि काही डॉलर लागतात, आणि नवा ल्यूर घेण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त. मागच्या हुकला पिसं लावलेला असेल तर उत्तम. ल्यूर थांबलेला असताना ती पिसं हलत राहतात, त्यामुळे बास बहुतेकदा मागचाच हुक तोंडात घेतो. बझबेटला मागे एक जादा हुक अडकवून ठेवा.

तिसरा दोष हातांचा. पाणी उडालं की हात आपसूक वर जातो, ल्यूर माशाच्या तोंडाबाहेर, आणि नशीब वाईट असेल तर आपल्या कपाळाकडे. गॉगल घाला. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवलं तर ही घाई आपोआप कमी होते. झडप दिसल्यावर रील फिरवत राहायचं आणि वजन हाताला जाणवलं की मगच ओढायचं. बास गेला असं वाटलं तरी ल्यूर तिथेच राहू द्या, तो पुष्कळदा परत येतो. दुसऱ्या रॉडवर वजनाशिवायचा सेन्को (मऊ प्लॅस्टिकचा वर्म) तयार ठेवावा, मध्यभागी हुक ओवलेला. झडप हुकली की तीन-चार सेकंदांत तो त्याच वर्तुळात टाकायचा. वर यायची हिंमत केलेला पण कचरलेला बास हळू बुडणाऱ्या त्या वर्मला नाही म्हणत नाही.

हे सगळं ठीक असूनही तो फक्त ल्यूरला ढोसणी देत असेल, पाणी उडतं पण तोंड उघडत नाही, तर पुढचं वाचा.

मेच्या मध्यावर सगळंच थंडावलं

एप्रिलअखेर चांगला वर येणारा मासा मेच्या मध्यावर गप्प होतो. पाणी ६२ ते ६८ च्या दरम्यान, हवा सुंदर, आणि टॉपवॉटरकडे कुणी बघत नाही. वीण चालू आहे, दुसरं काही नाही. नर उथळात, एक ते चार फूट पाण्यात, शेपटीनं तळ झाडून ताटाएवढी गोल फिकट जागा तयार करतो. अंडी पडली की मादी निघून जाते आणि राखण करतो तो एकटा नर. या दिवसांत तो खायच्या मागे नसतो. डोक्यावर ल्यूर आला तर हाकलण्यापुरता धक्का देतो, म्हणून ती ढोसणी.

पोलराइज्ड गॉगलमधून काठालगत अशी फिकट ताटं आणि त्यावर घुटमळणारा मासा दिसला, तर तिथून पुढे सरका. नराला ओढून काढलं की ब्लूगिल नावाचे छोटे मासे टपलेलेच असतात, काही मिनिटांत घरटं साफ होतं. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास फक्त पकडून सोडता येतो, घरी नेता येत नाही. आपला स्प्रिंगमधला बहुतेक टॉपवॉटर सीझन या दोन महिन्यांतच येतो, म्हणून ट्रेबल हुकचे उलटे काटे पक्कडीनं आधीच दाबून ठेवणं शहाणपणाचं. सोडताना वेळ जात नाही. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात या दिवसांत दिसणाऱ्या घरट्यावर पुन्हा पुन्हा कास्ट करणंच बेकायदा आहे. जर्सीत रहिवाशांना वयाच्या १६ ते ६९ वर्षांपर्यंत लायसन्स लागतं आणि बाहेरून आलेल्यांना सोळापासून पुढे कुठल्याही वयात, हेही सांगतो, कारण भारतातून आलेले आईवडील हौसेनं रॉड धरतात आणि त्यांच्याकडे लायसन्स नसतं.

सगळे बास एकदमच विणीला बसत नाहीत, ही त्यातली जमेची बाजू. उत्तरेचा काठ घरट्यांनी भरलेला असताना दक्षिणेच्या, उशिरा तापणाऱ्या काठावर अजून विणीच्या तयारीतले, खा-खा सुटलेले मासे असतात. आठवडाभरापूर्वी निकामी ठरवलेला तो सावलीचा काठ आता बघा.

आणि मग मेअखेर माझ्या मते वर्षातलं सगळ्यात चांगलं टॉपवॉटर सुरू होतं. अंडी फुटून पिल्लं पोहायला लागतात, काळ्या ठिपक्यांचा ढग गवताच्या कडेनं सरकत असतो, आणि नर खालून त्यांच्या मागे. मरळीची पिल्लं आणि खाली दबा धरून बसलेली जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल. हा नर चिडलेला असतो आणि भुकेलेलाही. पिल्लांच्या पलीकडे पॉपर टाकून त्यांच्या कडेनं आणला की तो विचार करत बसत नाही. पकडला तर पाण्याबाहेर फोटो काढत बसू नका, तिथेच सोडा. लगोलग परत पिल्लांवर जातो. माद्या या काळात थकलेल्या, उथळ संपून खोल सुरू होतं त्या कडेवर असतात. त्यांना वर यायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. पाणी सत्तरी ओलांडतं तेव्हा ब्लूगिल स्वतःची घरटी मांडतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकमेकांना लागून. त्या वस्तीच्या खोल बाजूच्या कडेवर मोठ्या माद्या घिरट्या घालतात. ब्लूगिलच्या रंगाचा पॉपर इथेच कामाला येतो. रंगाच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

डेलावेअर नदीवर स्मॉलमाउथ बाससाठी जाणाऱ्यांना थर्मामीटर भिजवायचीही गरज नाही, ट्रेंटनच्या यूएसजीएस (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) केंद्राचं पाण्याचं तापमान आणि प्रवाह दोन्ही ऑनलाइन दिसतात. नदीत मात्र तापमानाआधी प्रवाह बघा. पाऊस पडून पाणी चढलेलं आणि चहाच्या रंगाचं असेल तर ६५ अंशांचाही उपयोग नाही, आणि वेडर्स (पाणी आत न येणारी लांब विजार) घालून उतरणं तर धोक्याचंच.

वरच्या तारखा जर्सीच्या आहेत. डलासच्या मंडळींनी सगळं साधारण महिनाभर अलीकडे ओढावं, दक्षिण फ्लोरिडात वीण जानेवारी-फेब्रुवारीतच चालू असते, आणि मिनियापोलिसवाल्यांनी मेच्या उत्तरार्धाआधी पॉपरला हात लावू नये. आपापल्या राज्याचे नियमही तेवढे बघून घ्या, बासचा सीझन सगळीकडे वर्षभर उघडा नसतो.